पूर्वेच्या खोलीतल्या किटल्या

४ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई कशाला घालवू? तुझी तब्येत बरी असणार. बिघडली असती तर तू आपणहून पत्र लिहिलं असतंस.

कामाचं सांगते. मुलाची बदली इकडे झाली आहे. महिनाअखेरीला तो आणि सून आमच्याकडे राहायला येतात. खोल्या आहेत तेवढ्याच आहेत, त्या काही कणकेसारख्या फुगत नाहीत. मागची खोली त्यांना द्यावी लागेल, म्हणजे मावशीची जागा गेली. आई गेल्यावर ज्या बाईनं आपल्या दोघांना वाढवलं, त्या नादात जिचा स्वतःचा संसार मांडायचा राहूनच गेला, तिनं या वयात गॅसच्या सिलिंडरशेजारी अंथरूण घालायचं? माझ्या मनाला ते पटत नाही. तेव्हा आता तू तिला ने. आजवर मी सांभाळली, आता तुझी पाळी.

जागा नाही असं लिहिशील, म्हणून आधीच सांगून ठेवते, मी तुझं घर पाहिलेलं आहे. एकटा जीव आणि खोल्या तीन. त्यातली पूर्वेची सगळ्यांत उजेडाची, आणि तिथे राहतं कोण? किटल्या! बोटभर उंचीच्या इंग्लिश चिनीमातीच्या किटल्या, काचेच्या कपाटांत ओळीनं बसवलेल्या, शाळेच्या वर्गाचा फोटो काढावा तशा. मी एक उचलली तर तू असा ओरडलास, जसं काही मी पाळण्यातलं मूलच उलटं धरलं होतं. आत डोकावले. माणसाचं सोड, चिमणीचाही चहा त्यात झाला नसता. तुला विचारलं, यातून कोणी कधी काही प्यायलंय का? तर मान वर करून म्हणालास, "ताई, त्या पिण्यासाठी नसतात."

ज्यात काही शिजत नाही आणि ज्यातून काही पीत नाहीत, अशा भांड्याला आमच्याकडे खेळणं म्हणतात. मुलं मोठी झाली की ती कोणाला तरी देऊन टाकतात. तुझी पन्नाशी उलटली. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावतोस आणि संध्याकाळी किटल्यांच्या. त्या जुन्या सामानवाल्याला तू काय देतोस ते मी विचारत नाही. विचारलं तर मला देवासमोर बसून मन शांत करावं लागेल, आणि सकाळची प्रार्थना एकदा झाली आहे.

मी दुधाची पिशवी कापून आतून धुऊन घेते आणि ते पाणीही चहात घालते. त्याच आईच्या पोटी तू जन्मलास, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मावशीला कधी घ्यायला येतोस ते कळव.

ताई


१५ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे एक विनंती आणि बाकी सगळा अपमान. दोन्ही पोचले.

तुला समजणार नाही हे ठाऊक असूनही लिहितो. या किटल्या दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत. कोणी म्हणतात, श्रीमंतांच्या मुलींना खेळायला केल्या. कोणी म्हणतात, विकणारे नमुना म्हणून बरोबर बाळगायचे. नखावर मावेल एवढ्या जागेत कोणीतरी अख्खी बाग रंगवली आहे, पाकळी न पाकळी. झाकणाला वाफ जायला भोक आहे, टाचणीच्या टोकाएवढं. आणि प्रत्येक झाकण आपल्या भांड्याबरोबरच भट्टीत भाजलेलं असतं, म्हणून ते त्याच भांड्यावर निमूट बसतं. दुसऱ्यावर ठेवलं की डुगडुगतं. दात आणि हिरडीचं असंच असतं. पण स्टीलच्या डब्यावर नाव कोरून घेणं हीच ज्या घरात कलेची शेवटची पायरी, तिथे हे सांगून काय उपयोग?

मावशीबद्दल मला माया आहे. पण माया वेगळी आणि पूर्वेची खोली वेगळी. त्या खोलीत मी केरवाल्या बाईलाही जाऊ देत नाही. पुसतो मी, दवाखान्यातल्या मऊ ब्रशनं. शिवाय जूनअखेरीला आमच्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष संग्रह पाहायला येणार आहेत. त्यांना पसंत पडला तर तो प्रदर्शनात लागेल. या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहतो आहे, ते तुला सांगण्यात अर्थ नाही.

एक सुचवतो. शहराबाहेर चांगला वृद्धाश्रम आहे. माझे एक पेशंट तिथे असतात, त्यांची कवळी मीच केली. ते खूश आहेत. विचार कर.

धाकटा


२० एप्रिल

धाकट्या,

विचार केला. पुरतं अर्धं मिनिट.

तुझं पत्र मी मावशीला वाचून दाखवलं, पण शेवटचे दोन परिच्छेद गाळले. तिला हल्ली अक्षर दिसत नाही ते बरंच म्हणायचं. "काय म्हणतो धाकटा?" म्हणाली. मी सांगितलं, "ये म्हणतो." तिनं लगेच ट्रंक काढली. आता मला खोटं पाडायचं असेल तर ती दारात आली की तिच्या तोंडावर सांग. मी नाही सांगणार.

शेजारचे शाळामास्तर शनिवारच्या गाडीनं तिकडे यायला निघतात, ते तिला तुझ्या दारात आणून सोडतील. मास्तरांना चहा दे. मोठ्या कपातून.

तिचं सामान थोडंच आहे: ट्रंक, एक वळकटी, जपाची माळ. जेवण कमी. रात्री दूध लागतं, पण पाणी घालून चालतं. तिला कसली हौस नाही. तेवढं एक बरं आहे, कारण या घराण्याला मिळायची होती तेवढी हौस तू एकट्यानं घेऊन टाकलीस.

तुझ्या अध्यक्षांना नमस्कार. मोठी माणसं किटल्या बघायला गावोगाव हिंडतात, आणि त्यांचंही मंडळ असतं, त्यालाही अध्यक्ष असतो! देव सगळं बघतो आणि तरी गप्प बसतो. त्याच्या सहनशीलतेला खरंच सीमा नाही.

ताई


६ मे

ताई,

तुझ्या मावशीनं माझा सत्यानाश केला. हो, तुझ्या. परवापर्यंत ती आपली होती.

मंगळवारी दवाखाना लवकर बंद करून घरी आलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पंचा पसरलेला आणि त्यावर माझ्या सगळ्या किटल्या. सगळ्या! पालथ्या आणि बोडक्या. झाकणं शोधली. ती एका टोपलीत होती, ढीगभर, निवडायला घेतलेल्या शेंगांसारखी.

म्हटलं, "अगं, हे काय केलंस?"

"धूळ होती रे. कोमट पाण्यानं धुतल्या. एकसुद्धा फुटली नाही, बघ हवं तर."

"आणि झाकणं?"

"झाकणं वेगळी धुवायची असतात. थोरलीकडे तसंच आहे. भांड्यांत झाकण दिसलं तर तिला खपत नाही."

"पण तुला धुवायला सांगितलं कोणी?"

यावर ती जरा घाबरली. मग म्हणाली, "थोरली म्हणाली होती, तिकडे गेल्यावर बसून राहू नकोस. रिकामी दिसलीस तर तो परत पाठवील."

म्हणजे हा प्रताप तुझा! नुसतं घर तुझ्या तालावर नाचवून तुझं भागलं नाही, मैलोगणती लांबून तू माझंही कपाट उपसलंस. तुला कल्पना आहे का, हे किती नाजूक काम आहे? वरवर पाहिलं तर चार झाकणं एकाच भांड्यावर बसल्यासारखी वाटतात. जीव खाऊन जुळवत बसलो आहे, डोळ्याला दवाखान्याचं भिंग लावून. निम्मी लागली. उरलेल्यांची खात्री देता येत नाही. आणि अध्यक्ष जूनअखेरीला येतात.

मावशीला मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आजपासून या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही. किटलीला नाही, कपाटाला नाही, केरसुणीला नाही, चमच्यालाही नाही. स्वयंपाकाला बाई येते, धुण्याला येते. तू फक्त बसायचं.

"बसून काय करू?" म्हणाली.

"काही करू नकोस! त्यालाच बसणं म्हणतात."

तिला घेऊन जायला कधी येतेस, ते उलट टपाली कळव.

धाकटा


१३ मे

धाकट्या,

तुझं पत्र वाचून हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. देव मला क्षमा करो. सुनेनं विचारलं, "काय झालं?" सांगितलं, "काही नाही, मामेसासऱ्यांची झाकणं हरवली." तीही हसली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, तेव्हा तुझ्या किटल्यांचा कोणालातरी उपयोग झाला म्हणायचा.

अरे, तू स्वतःला जाणकार म्हणवतोस आणि आपल्या भांड्याचं झाकण तुला ओळखता येत नाही? मग इतकी वर्षं त्या काचेतून बघत काय होतास? आणि वर मावशीवर ओरडतोस. तिनं काय चोरी केली? घाण होती ती धुतली. ज्या घरात कोणी कधी काही धुतलं नाही, तिथे धुणं हा गुन्हाच वाटणार.

तिला नेता येणार नाही. मुलगा आणि सून स्थिरावले आहेत. सुनेच्या कपड्यांनीच मागची खोली भरली, आता तिथे माळ जपायलाही कोपरा उरला नाही. इकडे सगळं सुरळीत आहे. काही अडत नाही.

मात्र तिला नुसतं बसवू नकोस. तिचं शरीर कामानं चालतं, बसली तर गंजेल. भाजी निवडायला दे, डाळीतले खडे काढायला दे. बटणं लावायला दिलीस तरी चालेल, दोरा मात्र ओवून दे. आयतं खाणं तिच्या अंगी लागत नाही, ती तुझ्यासारखी नाही.

अध्यक्ष आले की कळव. मला हसायला आणखी एक निमित्त लागेल.

ताई


२ जुलै

ताई,

अध्यक्ष येऊन गेले. तू हसशीलच. हस. यावेळी मीही हसलो, म्हणून लिहितो.

उरलेली झाकणं शेवटपर्यंत लागली नव्हती. आदल्या दिवशी मी टेकीला आलो. मावशी समोर खुर्चीत, हात लावायची बंदी म्हणून बसल्या जागेवरून बघत होती. तिला रंग तेवढे दिसतात. एकदम म्हणाली, "ते गुलाबी त्या निळ्या किटलीला दे रे. एकटं वाटतंय ते." वैतागून मी दिलं, म्हटलं उघडी ठेवण्यापेक्षा बरं. गुलाबी झाकण, निळं भांडं. एखाद्या म्हाताऱ्याला लहान मुलीची टोपी घालावी तसं दिसत होतं.

अध्यक्ष आले. हातमोजे, भिंग, आणि मागून बॅग धरून चालणारी बायको. सगळी कपाटं नाक मुरडत पाहिली. माझी सगळ्यांत अस्सल किटली त्यांनी "सामान्य" म्हणून बाजूला केली. आणि मग नेमकी ती निळी उचलली. झाकण बोटानं हलवून पाहिलं. ते डुगडुगलं, ताई! मी ऐकलं. त्यांच्या बायकोनं ऐकलं. आणि हे म्हणतात, "डॉक्टर, याला म्हणतात जोडी! भांडं आणि झाकण एकाच हातानं, एकाच दिवशी घडवलेलं. रंगांचा हा विरोध मुद्दाम साधलेला आहे, बरं का. हा धाडसी कारागीर मी ओळखतो." त्या कारागिरावर ते बराच वेळ बोलले.

मावशी खुर्चीतून म्हणाली, "हो, मीच सांगितलं त्याला."

अध्यक्ष वळले. "अरे वा! आपलाही अभ्यास दिसतो."

"नाही हो. ते एकटं वाटलं मला."

त्यांनी मान डोलावली. "नेमका शब्द," म्हणाले.

या माणसाच्या एका होकारासाठी मी इतकी वर्षं पत्रं पाठवत होतो, दिवाणखान्यात त्यांचा फोटो लावला होता. ते गेल्यावर तो काढून ठेवला. त्या निळ्या किटलीसकट माझा संग्रह प्रदर्शनात घ्यायचं ते म्हणाले. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडातला कुजका दात मला दिसतो, स्वतःच्या मंडळातला दिसला नाही.

त्या गुलाबी झाकणाचं खरं भांडं नंतर सापडलं. झाकण मात्र मी बदललेलं नाही.

आणि हो, मावशीची खाट पूर्वेच्या खोलीत हलवली आहे. कपाटं भिंतीला लावली. लगेच माझ्या चांगुलपणाचे पोवाडे गाऊ नकोस. दुसऱ्या खोलीत ठेवली तर तिच्यावर नजर ठेवता येत नाही, एवढंच कारण आहे. बंदी कायम आहे.

धाकटा


२० सप्टेंबर

धाकट्या,

तुझ्या अध्यक्षांची हकिगत वाचली. मला नवल वाटलं नाही. जो माणूस बोटभर किटली बघायला हातमोजे घालतो, त्याला डोळ्यांनी काही दिसत असेल अशी माझी अपेक्षाच नव्हती. तुला कळायला एवढी वर्षं लागली याचंही नवल नाही.

आता कामाचं. मुलगा आणि सून वेगळी जागा घेऊन गेले. मोकळेपणा हवा म्हणे. माझ्या घरात कोणाला बांधून ठेवलं होतं, देव जाणे. सून ओट्यावर कप ठेवायची, तो विसळ म्हटलं तर तोंड फुगायचं. असो. मागची खोली रिकामी आहे. मावशीला पाठव. मास्तर पुढच्या आठवड्यात तिकडे आहेत, त्यांच्याबरोबर येईल.

तिलाही इकडचीच सवय. तिकडे कपाटांच्या गर्दीत तिला करमत नसणार, ती बोलून दाखवत नाही एवढंच. शिवाय घराचा कसा विचका झाला आहे, ते तुला सांगून उपयोग नाही. डाळ निवडायची तशीच पडली आहे. देवाची भांडी काळी पडली. एक बाई लावली होती, तिनं झाकणं भांड्यांवरच ठेवली, वर मलाच म्हणाली की सगळीकडे असंच ठेवतात. दुसऱ्या दिवशी आली नाही. माझे गुडघे वाकत नाहीत, आणि ओट्याखालचं सगळं खालीच असतं. पहाटे पाणी भरायचं, ते आपोआप भरलेलं असायचं असं इतकी वर्षं मला वाटत होतं.

हे काही मी माझ्यासाठी म्हणत नाही. तिच्याच भल्याचं आहे.

तिची वळकटी नीट बांधून दे. तुझ्या हातची गाठ सुटते.

ताई


१ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मावशीला वाचून दाखवलं. तू परिच्छेद गाळतेस, मी काही गाळलं नाही. गुडघे, डाळ, ओट्याखालचं, सगळं वाचलं. तुला मावशी नको आहे. तुला ओट्याखाली वाकणारं कोणीतरी हवं आहे, बिनपगारी, आणि त्याला तू माया म्हणतेस. माझ्या किटल्यांना तू नावं ठेवलीस. मी निदान त्यांच्याकडून काम करून घेत नाही.

पण माझं म्हणणं राहू दे. मावशी सांगते आहे ते लिहितो, तिच्याच शब्दांत. एकही शब्द बदलायचा नाही म्हणाली आणि समोर बसून आहे.

"थोरले, बरी आहेस ना? गुडघ्यांना तेल लाव, गरम करून. तू ये म्हणालीस, बरं वाटलं. पण मी येत नाही. राग धरू नकोस. तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं. उठलं की काय करायचं ते ठाऊक असायचं, ते झालं की पुढचं. मला वाटायचं, असंच असतं.

इथे यानं ओरडून मला बसवलं. सुरुवातीला मी खुर्चीच्या कडेवरच बसायचे. वाटायचं, आता कोणी येईल आणि ऊठ म्हणेल. कोणी येईना. मग एक दिवस मागे टेकले. थोरले, खुर्चीला पाठ असते, हे मला या वयात कळलं.

या किटल्यांतलं मला काही कळत नाही. तू म्हणतेस तसं, त्यांचा काही उपयोगही नसेल. पण त्यांना कोणी कामाला लावत नाही, आणि म्हणून कोणी टाकूनही देत नाही. सकाळी ऊन आलं की त्या चमकतात, तेवढं मला दिसतं. मी बघत बसते. जपही होतो.

धाकटा तोंडाचा वाईट आहे, तू पण आहेस. दोघांना मीच वाढवलं, तेव्हा मी कोणाला काय बोलू?"

वरची शेवटची ओळ मी लिहिणार नव्हतो. पेन थांबलं का, ते ती बघते आहे.

धाकटा


१२ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्र मिळालं. तुला उत्तर द्यायचं म्हणून दोनदा लिहायला बसले आणि कागद फुकट गेले. माझ्या हातून कागद फुकट जात नाहीत, हे तुला माहीत आहे.

किटल्यांविषयी माझं मत बदललेलं नाही. ती खेळणीच आहेत, आणि तू म्हातारा झालास तरी खेळतोच आहेस. तू मला जे बोललास त्यातलं मी काही मान्य करत नाही. बिनपगारी हा शब्द तू लिहायला नको होतास. तो मनातून जात नाही.

मास्तरांबरोबर मावशीची लोकरीची शाल आणि तिची उशी पाठवते. तिला उंच उशी लागते. दुधात पाणी चालतं असं मी लिहिलं होतं. घालू नकोस.

आणखी एक, हे तिला वाचून दाखवू नकोस. ती मागे टेकली असं तिनं कळवलं, तेव्हापासून मी आठवून बघते आहे. प्रार्थनेला डोळे मिटले तरी तेच चालू होतं. ओट्याशी उभी आठवते, मोरीत वाकलेली आठवते, दारात पिशव्या घेऊन आलेली आठवते. या घरात तिला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं असेल, असं एकही चित्र डोळ्यांपुढे येत नाही.

बसते तेव्हा कशी दिसते, तेवढं लिही. हात कुठे ठेवते?

ताई